कापसाच्या बाजारातले कँडी, क्विंटल आणि जिन

हिंगणघाट-वणीकडं कापूस मोजला की काटापट्टीवर क्विंटल पडतो, अन् पेपरात रुईचा, म्हणजे सरकी (बी) काढलेल्या कापसाचा, भाव येतो कँडीत. ही कँडी म्हणजे आपलीच खंडी. युरोपी व्यापाऱ्यांनी उचलली, अन् तिची कँडी झाली. चोखायची कँडी वेगळी. ती संस्कृत ‘खंड’ म्हणजे साखर, फारसी-अरबीतून युरोपात गेलेली.

धान्याची खंडी वीस मणांची, अन् मण गावोगाव वेगळा. रुईची खंडी मात्र ७८४ पौंडांवर पक्की झाली, म्हणजे ३५५.६ किलो. घोळ इथंच होतो. समजा पेपरात कँडीला ५६,००० रुपये दिसले. हा भाव सरकी काढलेल्या रुईचा, कापसाचा नाही. कँडीत ३.५५६ क्विंटल, म्हणून आधी ३.५५६ नं भागा: रुई क्विंटलला १५,७४८ रुपये. कापसाचा उतारा, म्हणजे त्यातून निघणारी रुई, ३४ टक्के धरला, तर एका क्विंटल कापसातली रुई ५,३५४ ची. घट-कचरा दोन किलो सोडून सरकी उरते ६४ किलो. किलोला ३५ रुपयांनी २,२४०. बेरीज ७,५९४. यातून जिनिंगचा (सरकी काढायचा) खर्च, गाडीभाडं अन् व्यापाऱ्याचा नफा जायचा आहे. उतारा एका टक्क्यानं घसरला की रुईचे १५७ रुपये गेलेच. म्हणून कवडी (किडका, डागी कापूस) अन् ओला कापूस चांगल्यात मिसळू नये.

क्विंटलमध्ये ‘क्विंट’ दिसतं म्हणून पाचाशी नातं जोडणारे बरेच भेटतात. ते चूक. मूळ लॅटिन ‘सेंटेनारियम’, शंभराचं. अरबांकडं त्याचं ‘किंतार’ झालं अन् तिथून ते युरोपात परतलं. सेंच्युरी त्याच भावकीतली. कॉटनही अरबीच, ‘कुत्न’वरून.

जिन म्हणजे सरकी काढायचं यंत्र; हा शब्द ‘इंजिन’चं शेपूट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अक्कल, कसब. पुढं कसबानं केलेलं यंत्र. अमेरिकेत इलाय व्हिटनीनं १७९४ मध्ये पेटंट घेतलं, त्याच्या यंत्रात तारेचे दात होते. आपल्याकडच्या बहुतेक जिनांत चामड्याचे दोन रूळ अन् सुऱ्या असतात: रूळ रुई ओढतो, सुरी सरकी झटकते. दारूची जिन यातली नाही, तिचं नाव ज्युनिपर या झुडपावरून पडलं.