आरएक्स 100: बोअर उघडण्याआधी

यामाहाची जुनी आरएक्स 100 मोटरसायकल ओढेनाशी झाली की मिस्त्री बघताक्षणी सांगतो, "बोअर गेला," म्हणजे ज्या सिलिंडरमध्ये पिस्टन फिरतो तो आतून झिजला. बऱ्याचदा बोअर ठणठणीत असतो. दुखणं असतं हवेचं, ऑइलचं नाहीतर सायलेन्सरचं.

1985 ते 1996 एस्कॉर्ट्सने यामाहाची ही गाडी इथे बनवली. बोअरचा व्यास 50 मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धावही 50, म्हणजे 98 सीसी. 7500 आरपीएमला 11 बीएचपी. वजन शंभर किलोच्या आसपास. इंजिन टू-स्ट्रोक. त्यात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत शिरतं आणि तिथून दाबाने वर चढतं. म्हणून क्रँककेस हवाबंद असायलाच हवी. कार्बोरेटरच्या पुढे रीड असते, पातळ पाकळ्यांची एकेरी झडप. मिश्रण मागे फेकलं जात नाही, त्यामुळे कमी रेसलाही गाडी पांधणीतून ओढून निघते. रीड काढून उजेडासमोर धरा. पाकळीचं टोक तुटलेलं किंवा उचललेलं दिसलं, तर गाडी किकला लवकर चालू न होण्याचं कारण तिथेच आहे.

ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस लगेच उतरत नाही? कुठून तरी फाजील हवा शिरते आहे. गाडी चालू ठेवून कार्बोरेटरच्या रबरी जॉइंटवर साबणाचं पाणी सिरिंजने थेंबथेंब सोडा. पाणी आत ओढलं गेलं किंवा रेस बदलली तर जॉइंट फाटलाय. तिथे काही नसेल तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या टोकावरची रबरी कडी बघा. सील कडक झालं की हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. पिस्टनची नवी रिंग घालून हे सुटत नाही, महिनाभराने गाडी पुन्हा दारात उभी. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलट होतं: इंजिन गिअर ऑइल ओढतं. पांढुरका दाट धूर, जळका वास, आणि गळती कुठेच नसताना गिअर ऑइल कमी. हा धूर बघून बोअर करणारे, म्हणजे सिलिंडर आतून कापून घेणारे खूप आहेत.

इंजिनला आपोआप ऑइल देणारा ऑटोल्यूब पंप शाबूत असेल तर काढू नका. ॲक्सिलरेटर आणि रेस पाहून तो ऑइल सोडतो; केबलची खूण जुळलेली हवी आणि नळीत हवेचा बुडबुडा नको. पंप आधीच काढून टाकलेला असेल तर पेट्रोलमध्ये लिटरला 30 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, तेही मापाने. "थोडं जास्त टाकलेलं बरं" हा समज चुकीचा आहे. ऑइल वाढलं की कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून पेट्रोल कमी जातं आणि सायलेन्सरही कार्बनने भरतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना पंप नसलेली गाडी गिअरवर ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण बंद केला, तर पेट्रोलसोबत ऑइलही थांबतं. अधूनमधून जरासा ॲक्सिलरेटर द्या.

कापसाच्या काळ्या मातीचा फुफाटा एअर फिल्टरच्या फोममध्ये बसतो. प्लग काळा पडतो, गाडी घुटमळते. मग कोणीतरी फोमच काढून फेकतं. तात्पुरता पिकअप वाढतो, पण तीच माती बोअरमध्ये जाऊन पॉलिश पेपरचं काम करते. फोम साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, गिअर ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा. दहा मिनिटांचं काम.

सुरुवातीचा पिकअप चांगला पण पुढे गाडी दबते, तर सायलेन्सरचा मागचा बोल्ट काढून बॅफल, म्हणजे आतली भोकांची नळी ओढा. भोकं कार्बनने बुजलेली असतील. सायलेन्सरही उतरवलात तर एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडण्याचं तोंडही बघा. पिस्टन वर आणून पोर्ट झाकून घ्या आणि बांबूच्या कामटीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हरने पिस्टनवर ओरखडे येतात.

एवढं सगळं करूनही दम नसेल तर बोअर. ओव्हरसाईज म्हणजे मोठ्या मापाचे पिस्टन 0.25 पासून 1 मिलिमीटरपर्यंत मिळतात. कमीत कमी कापण्यात शहाणपण, कारण पुढच्या वेळेसाठी धातू उरतो. लेथवरून सिलिंडर आला की पोर्टच्या कडांवर बोट फिरवा. धारदार लागल्या तर कडांची धार मारून मागा. हे हमखास विसरलं जातं आणि नवी रिंग तिथेच अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची तोंडं खाचेतल्या पिनवर नीट बसलेली.

पहिले 500 किलोमीटर अर्ध्याच्या वर ॲक्सिलरेटर नको, डबल सीट नको. मेच्या उन्हात दर अर्ध्या तासाने सावलीत थंड होऊ द्या. युरियाच्या दोन गोण्या म्हणजे 90 किलो, जवळजवळ अजून एक गाडीच. तेवढे दिवस त्या बैलगाडीतून वावरात जाऊ द्या.