जानापावची वाट, २७ डिसेंबर २००३

जुन्या फाइलींची आवराआवर करताना परवा संगणकावर एक ट्रॅक, म्हणजे माझ्या जीपीएस यंत्राने प्रवासात नोंदलेल्या बिंदूंची वाट, सापडला. त्याच्या पहिल्या बिंदूवर २७ डिसेंबर २००३, रात्रीचे २३ वाजून ४० मिनिटे अशी वेळ नोंदलेली आहे, आणि तो बिंदू इंदुरातल्या आमच्या घराच्या फाटकाशी पडतो. भाचा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "मामा, तेव्हा तर माझा जन्मही झाला नव्हता, आणि पुढे याच ट्रॅकमध्ये मी तुमच्याबरोबर चालतोय!" त्याचे म्हणणे खरे होते, कारण ती नोंद वास्तविक १३ ऑगस्ट २०२३ च्या रविवारची, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांची आहे, आणि त्या दिवशी आम्ही दोघे आणि शेजारचे काका असे तिघे जण महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर गेलो होतो.

त्या एका वेळेत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहिल्याखेरीज उलगडा होत नाही. पहिली गोष्ट म्हणजे चूक नव्हेच. ट्रॅक ज्या जीपीएक्स प्रकारच्या फाइलीत साठवतात तिच्यात वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहिली जाते आणि तिच्या शेवटी झेड हे अक्षर असते. आपली घड्याळे साडेपाच तासांनी पुढे असल्यामुळे पहाटे साडेपाचच्या आत सुरू केलेली प्रत्येक नोंद फाइलीत आदल्या दिवसाची दिसते, म्हणून रविवारचे पाच दहा हे शनिवारचे तेवीस चाळीस झाले. दुसरी गोष्ट मात्र यंत्राच्या वयाची आहे. जीपीएसचे उपग्रह जुन्या संदेशात आठवड्यांचा क्रमांक दहा बिटांत पाठवतात, त्यामुळे ० ते १०२३ एवढेच आकडे मिळतात आणि १०२४ आठवडे भरले की गणती पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आणि एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा एकदा घडले. नवी यंत्रे हा फेरा ओळखतात. माझे पिवळ्या रंगाचे जुने यंत्र ओळखत नाही आणि बरोबर ७१६८ दिवस मागची तारीख छापते. हे दिवस पूर्ण आठवड्यांचे असल्यामुळे वार तेवढा शाबूत राहतो, आणि त्यामुळेच ही चूक कित्येक महिने माझ्या लक्षात आली नव्हती. मी फाइलीतला शनिवार पाहून समाधान मानत असे आणि वर्षाकडे पाहतच नसे.

हे यंत्र मी अजून का वापरतो, असे मला लोक विचारतात, कारण फोनमध्ये आज सगळे आहे. माझे उत्तर असे की दोन पेन्सिल सेलांवर ते दिवसभर चालते, पावसात भिजले तरी कुरकुरत नाही, आणि विंध्याच्या उतारावरच्या झाडीत मोबाइलचे नेटवर्क गेले तरी त्याला काही फरक पडत नाही. फोनच्या जीपीएसलाही नेटवर्क लागत नाही हे खरे आहे, पण फोटो काढून आणि घरी फोन करून दुपारी दोनपर्यंत त्याची बॅटरी संपलेली असते, हेही तितकेच खरे आहे.

घरून निघण्यापूर्वी यंत्र दहा-पंधरा मिनिटे उघड्या आकाशाखाली ठेवावे, ही सवय मला एका फसलेल्या फेरीने लावली. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी त्याच्याजवळ शिळी झालेली असते आणि ती पूर्ण नव्याने उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात. एका उपग्रहाची नेमकी कक्षा मात्र दर अर्ध्या मिनिटाला पुन्हा पाठवली जाते. त्या फेरीच्या वेळी मी यंत्र थेट गाडीत बसल्यावर सुरू केले होते, आणि घरी येऊन नकाशावर पाहिले तो ट्रॅकने मला आधीच्या आठवड्यात राजवाड्याजवळ यंत्र बंद केले होते तेथून थेट महूपर्यंत एका सरळ रेघेत उडवले होते. खरे तर फाइलीत हे दोन तुकडे वेगवेगळेच लिहिलेले होते, कारण उपग्रह सुटले की यंत्र नवा खंड सुरू करते. मधली रेघ माझ्या त्या वेळच्या सॉफ्टवेअरने जोडली होती.

नोंद किती अंतराने घ्यायची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण सगळा ट्रॅक त्यावर बेतलेला असतो. दर सेकंदाला एक बिंदू ठेवला तर पाच तासांत अठरा हजार बिंदू होतात, जुन्या यंत्राची स्मृती मध्येच भरते आणि ते सकाळचे बिंदू पुसून त्यांच्या जागी दुपारचे लिहू लागते. दर दहा मीटरला एक ठेवला तर बारा किलोमीटरच्या वाटेला बाराशे बिंदू पुरतात आणि डोंगरावरची नागमोडी वळणेही नीट येतात. अंतराच्या हिशेबाने नोंद करण्याचा आणखी एक फायदा असा की आपण एका जागी बसलो की बिंदूंची गर्दी कमी होते. ती पूर्णपणे थांबत नाही. मानपूरच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही पोहे-जिलबी खात अर्धा तास बसलो होतो, आणि त्या टपरीच्या जागी ट्रॅकमध्ये लोकरीचा गुंता सुटावा तशा रेघांचे जाळे आहे, कारण पत्र्याच्या छपराखाली यंत्राला आपली जागा दर क्षणी थोडी वेगळी वाटत राहते. आम्ही बाकावरून हललो नव्हतो, तरी यंत्राने आम्हाला तेथे पाव किलोमीटर चालवले.

आता केबलविषयी, कारण माझा सर्वांत जास्त वेळ तिच्यात गेला आहे. या यंत्राला यूएसबी नाही. त्याची जुनी सीरियल केबल एका कन्व्हर्टरमार्फत लॅपटॉपला लावावी लागते. लॅपटॉप त्या कन्व्हर्टरला प्रत्येक नव्या खाचेत नवा कॉम-पोर्ट, म्हणजे सीरियल जोडणीचा, क्रमांक देतो, आणि माझ्या जुन्या सॉफ्टवेअरला एक-अंकी क्रमांकांपलीकडचे काही दिसत नाही, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो क्रमांक हाताने कमी करावा लागतो. एवढे करूनही एकदा दोन संध्याकाळी काहीच उतरेना. शेवटी कळले की यंत्राच्या मेनूतील इंटरफेस, म्हणजे बाहेर बोलण्याची भाषा, एनएमईए या प्रमाण पद्धतीवर ठेवलेला होता. त्या पद्धतीत यंत्र फक्त "मी आत्ता येथे आहे" एवढेच सांगत राहते, साठवलेला ट्रॅक देत नाही. त्यासाठी ते कंपनीच्या स्वतःच्या भाषेवर ठेवावे लागते. दुकानदाराने मला त्या दोन दिवसांत नवी केबल विकलीच होती, ती अजून पाकिटात आहे.

याहून मोठे नुकसान मी स्वतःच्या हाताने, आणि तेही काळजीपोटी करून घेतले. पाताळपाणीहून कालाकुंडला उतरणाऱ्या वाटेचा ट्रॅक मी यंत्रातच नाव देऊन सेव्ह केला आणि मग मोकळ्या मनाने चालू नोंद पुसून टाकली. कालाकुंडच्या स्टेशनवर कलाकंद घेताना मी मोठ्या समाधानात होतो. घरी फाइल उघडल्यावर दिसले की सेव्ह करताना या जुन्या यंत्राने अनेक बिंदू गाळून वाट ढोबळ केली होती आणि उरलेल्या बिंदूंवरची वेळ सगळीच काढून टाकली होती. घाटातली लहान वळणे सरळ झाली, आणि आम्ही धबधब्याजवळ केव्हा होतो व खाली केव्हा पोहोचलो, हे कोठेच उरले नाही; फोटो वेळेवरून वाटेवर बसवण्याचा बेतही त्याबरोबर गेला. तेव्हापासून चालू नोंद आधी संगणकावर उतरवायची, उघडून पाहायची, आणि मगच यंत्रातून पुसायची, असा घरातला नियम आहे. नव्या यंत्रांत हा त्रास राहिलेला नाही. ती पेनड्राइव्हसारखी उघडतात आणि त्यांच्यातली जीपीएक्स फाइल तशीच कॉपी करता येते.

उतरवण्याचे काम मी जीपीएसबेबलने करतो. हे मोफत सॉफ्टवेअर असंख्य यंत्रांच्या आणि फाइलींच्या भाषा एकमेकींत बदलते, आणि त्यातच ट्रॅकच्या सगळ्या वेळा ठरावीक कालाने पुढे-मागे सरकवण्याची सोय आहे. जानापावच्या फाइलीला मी ७१६८ दिवस पुढे ढकलले ते त्यानेच. पुढचे काम क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. तेथे जीपीएक्स फाइल ओढून टाकली की ट्रॅक आणि ट्रॅकचे बिंदू असे वेगळे लेयर, म्हणजे नकाशाचे थर, निवडता येतात. नवखे लोक नुसता रेघेचा लेयर घेतात, पण वेळ आणि उंची प्रत्येक बिंदूची असते, म्हणून बिंदूंचा लेयरही घेतला पाहिजे. मी प्रथम साध्या सूत्राने चालण्याच्या वाटेची लांबी काढली तेव्हा उत्तर ०.११ आले आणि माझा गोंधळ उडाला. फाइलीतले आकडे अंशांत असतात, त्यामुळे लांबीही अंशांत आली होती, आणि अंशांची लांबी मोजण्यात अर्थ नाही, कारण आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा तर पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०३ किलोमीटरचा भरतो. पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत इंदूर ४३ उत्तर या पट्ट्यात येते. लेयर त्या पट्ट्यात, म्हणजे ३२६४३ या क्रमांकाच्या प्रणालीत, नव्याने सेव्ह केला की सगळे मीटरमध्ये येते. टपरीवरचा गुंता काढल्यावर आमचे चालणे १२.१ किलोमीटर भरले, यंत्र १२.८ म्हणत होते.

शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचा विश्वास कागदी नकाशावर आहे. त्यांच्याजवळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४६ एन मालिकेतला जुना नकाशा आहे, आणि त्यावरून वाचलेले एका विहिरीचे अक्षांश-रेखांश त्यांनी माझ्या यंत्रात जसेच्या तसे घातले होते. आम्ही त्या जागी पोहोचलो तेव्हा तेथे नुसते सोयाबीन होते, विहीर शंभर मीटरहून अधिक दूर एका बांधाशी. दोष काकांचा नव्हता आणि नकाशाचाही नव्हता. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या मानलेल्या गणिती आकारावर, आधारलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या जागतिक गोलाभावर चालते, त्यामुळे तेच आकडे दोन्हीकडे वेगवेगळ्या जागा दाखवतात. त्या जुन्या मापनाचा मूळ बिंदू आपल्याच मध्य प्रदेशात, सिरोंजजवळच्या कल्याणपूरला आहे, हे मी काकांना सांगितले तेव्हा त्यांनी "मग आपला नकाशाच खरा" असा निकाल दिला, आणि तो अजून मागे घेतलेला नाही.

डोंगरमाथ्यावर दुसरा वाद निघाला. चंबळेचा उगम म्हणून जे कुंड दाखवतात, त्याच्या काठावर भाच्याचा फोन आणि माझे यंत्र शेजारी शेजारी ठेवले, तर फोनवरच्या अॅपने नोंदलेली उंची माझ्यापेक्षा जवळजवळ साठ मीटरांनी कमी होती. जीपीएस उंची मोजते ती गणिती गोलाभापासून. समुद्रसपाटीचा खरा पृष्ठभाग त्याहून वर-खाली असतो, आणि भारताखाली तो गोलाभाच्या बराच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर ही घसरण शंभर मीटरहून अधिक होते. माझे यंत्र हा फरक आतल्या तक्त्यावरून जुळवून घेते, ते अॅप घेत नाही. दोन्ही ट्रॅक एकाच नकाशावर टाकून उंचीचा आलेख काढायचा असेल, तर कोणती उंची कोणत्या हिशेबाची आहे हे आधी लिहून ठेवावे लागते. मी फाइलीच्या नावातच लिहितो.

जातानाची आणि येतानाची वाट एकच असूनही सागाच्या झाडीत दोन रेघा एकमेकींपासून पाच ते आठ मीटर दूर पडल्या आहेत, म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर पायवाट काढताना मी कोणतीही एक रेघ गिरवत नाही. दोन्ही खाली ठेवतो, उपग्रहचित्र पाहतो, आणि मधून काढतो. चढवण्यापूर्वी मात्र ट्रॅकची पहिली दोन किलोमीटर कापतो. घराचे फाटक आणि आपण ते पहाटे किती वाजता बंद करून निघतो, हे जगाला कळण्याची गरज नाही.

कापलेली, सरकवलेली आणि साफ केलेली प्रत 'काम' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. 'मूळ' नावाच्या फोल्डरमधली फाइल यंत्रातून उतरली तशीच आहे, पोह्यांच्या टपरीवरच्या गुंत्यासकट आणि २७ डिसेंबर २००३ या तारखेसकट. भाचा ती दुरुस्त करू या म्हणत होता. मी त्याला तिला हात लावू दिला नाही.