दुसऱ्या महिन्याची फी

सोमवार

थंडी पडली की पहाटे साडेपाचच्या बॅचची माणसं स्वेटर घालूनच जिममध्ये येतात आणि तशीच ट्रेडमिलवर चढतात. नाशिकचा पारा आठ-नऊवर असताना पाच मिनिटांचं वॉर्म-अप पुरत नाही. दहा-बारा मिनिटं चालणं, मग घोटे, कंबर, खांदे मोकळे करणं आणि पहिला सेट रिकाम्या रॉडचा. त्याआधी प्लेटला हात लावू द्यायचा नाही. नवा ट्रेनर नेमका इथे घाई करतो, कारण सव्वासहाचा क्लायंट मागे घड्याळ बघत उभा असतो.

या कामात दिवसाचे दोन तुकडे होतात: पहाटे साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ. मधली दुपार मोकळी दिसते, पण ती सुट्टी नव्हे. रात्री अकराला आडवं होऊन साडेचारला उठणाऱ्याला साडेपाच तासच झोप मिळते. उरलेला दीड तास दुपारी भरून काढावा लागतो आणि स्वतःचा व्यायामही त्याच दुपारी बसवावा लागतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर दुपारी झोपलेला मुलगा रिकामटेकडा ठरतो.

सर्टिफिकेट कुठलं करावं, हा कायमचा प्रश्न. ट्रेनर व्हायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे नुसता दंड दाखवून कामाला लागलेलेही भरपूर आहेत. पण चांगल्या जिममध्ये मुलाखतीला गेलं की कागद विचारतात. एसीई या अमेरिकी संस्थेची परीक्षा १५० प्रश्नांची, तीन तासांची. वय १८ पूर्ण हवं आणि सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून श्वास देण्याचं, चालू सर्टिफिकेट हवं. नॅसम हीही अमेरिकीच, तिचे प्रश्न १२०, वेळ दोन तास. दोन्ही दर दोन वर्षांनी नूतनीकरण मागतात आणि त्यासाठी पुन्हा अभ्यासाचे तास भरावे लागतात. इंग्रजी जड जात असेल तर आधी स्नायूंची नावं आणि सांध्यांच्या हालचाली मराठीत समजून घ्याव्यात, मग इंग्रजी नाव पाठ करावं. उलटं केलं की परीक्षा निघते, पण फ्लोअरवर गडबड होते.

सीपीआर मात्र कागदापुरता शिकायचा नाही. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांमागे दोन श्वास. पहिल्या दिवशीच विचारून घ्यायचं की जिममध्ये हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी मशीन आहे का, १०८ ला फोन कोण लावणार आणि गाडीसाठी जिन्याखालचं गेट कोण उघडणार. गेटचं विचारायला कोणाला सुचत नाही.

मंगळवार

पहिली भेट व्यायामाची नसते, वहीची असते. व्यायामाआधी भरायच्या पार-क्यू प्लस या तब्येतीच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर सात प्रश्न आहेत: हृदयविकार किंवा बीपी, छातीत दुखणं, चक्कर, इतर जुनाट आजार, चालू औषधं, हाडा-सांध्यांची दुखणी, आणि फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्यायाम करा असं कुणी सांगितलं आहे का. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर पुढची पानं भरायची, गरज पडली तर डॉक्टरांची चिठ्ठी मागायची. क्लायंट घाईत सगळीकडे ‘नाही’ लिहितो, म्हणून प्रश्न आपणच मोठ्याने वाचावेत. ‘काका, बीपी आहे का?’ याला उत्तर येतं ‘नाही’. ‘रोज सकाळी कुठली गोळी घेता?’ असं विचारलं की खिशातून गोळ्यांचं पाकीट निघतं.

त्या पाकिटावर ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये. ही औषधं हृदयाची गती वाढू देत नाहीत. माणूस धापा टाकत असतो आणि घड्याळ ११० दाखवत असतं. तसंही जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे सूत्र दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. अशा वेळी बोलण्याची कसोटी बरी: सलग वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर मध्यम समजायचा.

बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं बसवायचं, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, पट्टा हृदयाच्या उंचीवर. अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. जिना चढून आल्या आल्या मोजलेला आकडा खोडून टाकावा. १४०/९० च्या आसपास पुन्हा पुन्हा दिसला तर डॉक्टरांकडे पाठवायचं, १८०/११० च्या वर दिसला तर त्या दिवशी व्यायामच नाही. बीपीच्या माणसाला एकच गोष्ट शंभरदा सांगावी लागते: वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही.

कमरेचं माप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही आपल्या लोकांसाठी धोक्याची रेघ. टेप लावायच्या आधी विचारायचं. बाईमाणूस असेल तर टेप तिच्याच हातात द्यायचा आणि आकडा तिलाच वाचू द्यायचा. पुढे पोझिशन सुधारतानाही हाच नियम: आधी तोंडाने सांगा, मग करून दाखवा, मग काठी लावून दाखवा, आणि हात लावायची वेळ आलीच तर ‘लावू का?’ असं विचारून.

बुधवार

नव्या ट्रेनरच्या कानावर सगळ्यात वाईट येणारं वाक्य म्हणजे ‘सर, घाम तर आलाच नाही.’ ते ऐकलं की हात शिवशिवतात आणि शंभर बैठका निघतात. दुसऱ्या दिवशी क्लायंटला जिना उतरता येत नाही, तिसऱ्या दिवशी तो येत नाही, आणि आठवड्याने फोन उचलत नाही. हे झालं स्वस्तातलं नुकसान.

महागातलं वेगळं. अंगाला सवय नसताना एकाच स्नायूवर फार मारा झाला की स्नायूच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. याला ऱ्हॅब्डो म्हणतात. नेहमीचं अंग दुखणं २४ ते ७२ तासांत चढतं आणि मग हळूहळू उतरतं. इथे मात्र मांड्या टम्म सुजतात, गुडघा वाकत नाही आणि लघवी कोऱ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची होते. तो रंग दिसला की मालिश नाही, गोळी नाही, ‘पाणी पी आणि झोप’ नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल. तिथे सीपीके नावाची रक्ततपासणी करतात. सगळ्यात जास्त धोका कुणाला? अगदी नवख्याला नव्हे, तर कॉलेजात कबड्डी खेळलेल्या आणि दहा वर्षांनी परत आलेल्याला. त्याच्या मनाला जुना जोर आठवतो, मांडीला आठवत नाही. उकाडा, आदल्या रात्रीची दारू किंवा कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, यांनी धोका आणखी वाढतो.

म्हणून पहिलं सेशन पस्तीस मिनिटांचं. खुर्चीवरून उठ-बस दोन सेट दहा-दहाचे, भिंतीवर किंवा बाकावर हात टेकून जोर दोन सेट आठ-आठचे, लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीपर्यंत ओढणं) हलक्या वजनावर दोन सेट बाराचे, काठी पाठीला लावून कमरेतून वाकणं, प्लँक वीस सेकंद दोनदा, आणि दहा मिनिटं चालणं. मध्ये साठ ते नव्वद सेकंद विश्रांती. दहापैकी पाच-सहाचा त्रास. घाम येवो न येवो. त्या वाक्याला उत्तर एवढंच: ‘परवा या, मग बघू.’ परवा तो चालत आला पाहिजे. दुसऱ्या महिन्याची फी पहिल्या दिवशी हातात राखून ठेवलेल्या जोरातून येते.

भरतीची तयारी करणारी पोरं हा वेगळा वर्ग. शहरातच पोलीस अकादमी असल्याने गणवेश रोज डोळ्यांसमोर असतो. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक एवढंच डोक्यात. रोज डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटात, रोज तेवढंच अंतर रोज तेवढ्याच जोरात. मग नडगी धरते. त्यांना पळणं बंद कर म्हटलं तर ऐकत नाहीत. आठवड्यातले दोनच दिवस वेगाने, बाकी हळू, मातीवर. जोडीला एका पायावर टाच उचलणं तीन सेट पंधराचे, एवढं ऐकतात.

गुरुवार

स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जातात. ट्रेनर ओरडतो, ‘छाती वर, छाती वर!’ आणि छाती काही वर येत नाही, कारण अडचण घोट्यात आहे.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. अनवाणी उभं करून पायाचा अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवायचा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगायचा. लागला नाही तर घोटा आखडलेला आहे. खात्री करायची तर दोन्ही टाचांखाली अडीच किलोची एकेक प्लेट सरकवायची आणि पुन्हा बसवायचं. पाठ आपोआप सरळ झाली आणि माणूस चार बोटं जास्त खाली गेला तर निदान पक्कं. मग रोज भिंतीला गुडघा लावण्याचा सराव, प्रत्येक पायाचे दहा-दहा, दोन सेट. तोवर प्लेटवर टाचा ठेवून, छातीशी सहा-आठ किलोचा डंबेल धरून स्क्वॉट, यालाच गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. डंबेल पुढे असल्याने तोल सावरतो. प्लेटनेही फरक पडला नाही तर मग नितंब, कंबर किंवा निव्वळ भीती, तिकडे बघायचं. जमिनीवर बसून जेवणारी आजी हे सगळं न शिकवता करते आणि सोफ्यावर वाढलेला तिचा नातू प्लेटांवर उभा राहतो, हे पाहून गंमत वाटते.

जाता जाता रॉडबद्दल. ऑलिम्पिक रॉड २० किलोचा, पण कोपऱ्यातले आखूड, बारीक रॉड कितीचे ते कुणालाच माहीत नसतं. सगळे एकदा काट्यावर टाकून मार्करने वजन लिहून ठेवावं.

शुक्रवार

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला क्लायंट म्हणजे शिफ्ट ड्युटी. एक आठवडा पहिली, एक दुसरी, एक नाइट. ‘सोमवार छाती, मंगळवार पाठ’ हे वेळापत्रक त्याला दिलं की पहिल्याच नाइटला मोडतं आणि तो स्वतःला आळशी समजायला लागतो. त्याला वारांवर बांधायचं नाही. पूर्ण अंगाचे अ, ब, क असे तीन व्यायाम लिहून द्यायचे. जेव्हा येईल तेव्हा पुढचं अक्षर. नाइटच्या आठवड्यात दोनच वेळा, सेट एक तृतीयांश कमी, आणि तेही संध्याकाळी ड्युटीवर जायच्या आधी. नाइट संपवून सकाळी थेट जिममध्ये आलेल्याला डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून जड रॉड उचलणं, देणं म्हणजे झोपेतल्या माणसाला गाडी चालवायला देणं.

गणपतीआधी ढोलपथकाचा सराव सुरू झाला की त्या पोरांची कंबर आणि खांदे रोज संध्याकाळी कामाला लागलेले असतात. त्या महिन्यात रोइंग आणि डेडलिफ्टचे सेट निम्मे. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी मारून आलेल्याला मंगळवारी पायाचा व्यायाम नको. उतारावर मांड्या ताणत ताणत ब्रेक लावतात, दुखणं तिथून येतं.

आता पैसे. समजा महिन्याच्या बारा सेशनचे सहा हजार आणि जिमशी निम्मा-निम्मा वाटा. हाती तीन हजार. असे आठ क्लायंट म्हणजे चोवीस हजार आणि आठवड्याला चोवीस तास उभं राहणं, वर फ्लोअरची शिफ्ट. कागदावर सही करायच्या आधी तीन गोष्टी वाचायच्या: वाटा जीएसटी वजा करून मोजतात का, जिमने दिलेली सूट कुणाच्या वाट्यातून जाते, आणि नोकरी सोडल्यावर किती महिने त्या क्लायंटना शिकवायला बंदी. बारा सेशन पस्तीस दिवसांत संपतील, चार तास आधी न कळवता चुकवलेलं सेशन धरलं जाईल, हे फी घेतानाच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं. तोंडी ठरलेलं लग्नसराईत टिकत नाही.

घरी जाऊन शिकवण्यात पैसे जास्त दिसतात. पण सातला गंगापूर रोड आणि आठला नाशिक रोड असं घेतलं की द्वारकाच्या चौकात सगळा नफा उभा राहतो. घरचे क्लायंट शहराच्या एकाच अंगाला असावेत. पिशवीत दोन जाडीचे बँड, पाच किलोची डंबेलची जोडी, मॅट, टेप आणि बीपीचं मशीन, एवढं पुरतं.

रविवार

आज मिसळीचा वार. ती उद्या काट्यावर दीड किलो म्हणून दिसेल आणि तीन क्लायंट तोंड पाडून येतील. ती चरबी नव्हे, मीठ आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी. वजन सोमवारी करूच नये. करायचंच तर रोज सकाळी करून आठवड्याची सरासरी काढावी.

आहाराबद्दल ट्रेनरने किती बोलावं? प्रोटीनचा हिशेब जरूर सांगावा. सत्तर किलोच्या माणसाला किमान ५८ ग्रॅम लागतात, वजनं उचलणाऱ्याला त्याहून बरेच जास्त. दोन ग्लास दूध १६, शंभर ग्रॅम पनीर १८, दोन वाट्या घट्ट वरण १२-१३, तीस ग्रॅम कोरडे सोयाबीन वड्या १५. भाकरी वेगळी. पण मधुमेह, किडनी, गरोदरपण आलं की आहारतज्ज्ञांकडे पाठवायचं. इन्सुलिन घेणाऱ्याला व्यायामात हात थरथरून घाम फुटला तर तीन चमचे साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासायची. म्हणून पिशवीत साखरेची पुडी.

प्रोटीन पावडर विकून कमिशन मिळतं, त्याचा मोह होतो. डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी क्रमांक नसेल तर हात लावू नये. आणि ‘पंप’साठी, म्हणजे व्यायामात स्नायू फुगवायला, मेफेन्टरमाईनचं इंजेक्शन मागणारा आला तर सरळ नाही. ते ऑपरेशनच्या टेबलावर खाली गेलेलं बीपी चढवायचं औषध आहे, वर्कआउटचं नव्हे.

उद्याचं पान लिहून ठेवायचंय. डंबेल वाढवायचा नियम साधा: शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोन रेप, म्हणजे दोन उचली, जास्त, सलग दोन सेशन निघाले तरच वजन वाढवायचं. पण आठवरून दहा किलो म्हणजे एकदम पंचवीस टक्के, म्हणून हलक्या डंबेलला आधी रेप पंधरापर्यंत न्यायचे. तेव्हा साडेपाचच्या काकूंच्या नावापुढे:

गॉब्लेट स्क्वॉट, ८ किलो, १२-१२-१४. टाचांखाली प्लेट. दहा किलो अजून नको. उजवा गुडघा विचारणे.