"थोडं सुटायचंच"

पिकअप हलवली आणि फरशीवर तेलाचे 4 थेंब. गाडी जेमतेम 9,000 किलोमीटर चाललेली. मेकॅनिक म्हणाला, "डिझेल गाडी आहे, थोडं सुटायचंच."

नाही हो, नव्या इंजिनातून तेल सुटायचं नसतं.

थेंब चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याखाली) पडतो, पण तेल बऱ्याचदा वरून आलेलं असतं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपतं, ब्लॉकवरून ओघळतं, वाऱ्याने मागे सरकून बेलहाउसिंगपाशी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी, जमतं. मग मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवती तेल अडवणारी कडी) गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायची घाई! त्याआधी इंजिन डिग्रीझरने पुसून कोरडं करा, टाल्कम पावडर भुरभुरवा, 15-20 मिनिटं चालवा. पावडर सगळ्यात वर जिथे ओली होईल, तिथेच शोधा.

सर्व्हिसनंतर लगेच गळलं तर आधी ड्रेन प्लगचा वॉशर बघा, बऱ्याचदा जुनाच लावलेला असतो. किंवा फिल्टरचं जुनं रबर बैठकीला चिकटून राहिलेलं असतं. ब्रीदर पाइप (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) चोंदला असेल तर आतला दाब नव्या सीलमधूनही तेल ढकलतो.

आणि कव्हरचे बोल्ट करकचून आवळू नका, पॅकिंग चेपून फाटतं.

वॉरंटीत असाल तर सिलिकॉनचा लेप नको. फोटो काढा, जॉबकार्डवर 'ऑइल गळती' लिहून घ्या. तुमच्या कार्डावर लिहितात का हो हे?