कुफोरच का?

आवडता फुटबॉलपटू म्हणून मी घानाच्या सॅम्युएल कुफोरचं नाव घेतो आणि समोरून हमखास येतं, "तो मुठी आपटत रडलेला? त्याचं काय एवढं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून आता नीटच सांगतो.

हो, तोच. २६ मे १९९९, बार्सिलोना, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल. सहाव्या मिनिटापासून कुफोरचा जर्मन क्लब बायर्न म्युनिक १-० पुढे. बायर्नच्याच शोलचा फटका पोस्टला लागला, यांकरचा बारला. नव्वद मिनिटं भरली आणि वाढीव वेळेत बेकहॅमच्या दोन कॉर्नरवर मँचेस्टर युनायटेडचे दोन गोल. आधी शेरिंगहॅम, मग सोल्शियार. सोल्शियारच्या सर्वांत जवळ कुफोर होता. दुसऱ्या कॉर्नरवर शेरिंगहॅमला हेडर मिळाला तिथंच गोल झाला होता, कुफोरला हलायलाही सवड नव्हती, असं मी वर्षानुवर्षं भांडत आलोय. आजही भांडेन. पण मीही पेठेच्या संघात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलोय. आपला माणूस सुटल्यावर "सवड नव्हती" हे बॅकला स्वतःशी म्हणता येत नाही. २२ वर्षांचा तो पोरगा जमिनीवर मुठी आपटत ढसाढसा रडला. सामना अजून संपलेला नव्हता. रेफ्री कोलिनांना बायर्नच्या खेळाडूंना उठवून उभं करावं लागलं. हरल्याचं दुःख इतकं उघडं करणारा डिफेंडर मी तोवर पाहिला नव्हता. माझा तो तिथंच झाला.

त्याच बार्सिलोनात १९९२ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याला घानाच्या संघातून ऑलिंपिकचं ब्राँझ मिळालं होतं. ते कुणी विचारत नाही. २००१ मध्ये मिलानमध्ये व्हॅलेन्सियाला पेनल्टींवर हरवून बायर्नने चॅम्पियन्स लीगचा कप घेतला. त्याच वर्षी टोकियोत इंटरकॉन्टिनेंटल कपच्या सामन्यात अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सविरुद्ध जादा वेळेत सामन्यातला एकमेव गोल कुफोरचा. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की हिशेब फिटला. आज तसं वाटत नाही. फिटला असता तर तुम्ही अजून ९९ बद्दलच विचारलं नसतं.

आणि २००६ लपवणार नाही. घानाचा पहिला वर्ल्ड कप, पहिला सामना इटलीशी. कुफोरने गोलकीपरकडे मागे दिलेला पास कमी पडला, इटलीच्या याक्विंताने गोल केला, २-०. त्या स्पर्धेत तो पुन्हा खेळला नाही. एवढ्या कारकिर्दीनंतर एका पाससाठी बाहेर? मला तो अन्याय वाटला, अजून वाटतो. पण त्याच्याशिवाय घानाने चेक प्रजासत्ताकाला २-० हरवलं. घानाचे प्रशिक्षक दुयकोविच यांच्या जागी असतो तर तो जिंकलेला संघ मीही मोडला नसता, बहुधा. राग मात्र तसाच आहे.