आठ पाऊणे सहा

अष्टमी, रात्री

दोनदा नहाणं झालं तरी केसांतली वाळू जात नाहीये. डोक्यातलं ते वाक्यही जात नाहीये. "आई, हात दे."

तसं सगळं व्यवस्थित झालं. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, नेमाप्रमाणे. गुरुजींनी घाई केली नाही. ज्यासाठी गेलो होतो ते पार पडलं. त्याबद्दल आज नको.

प्रदक्षिणेचा हट्ट माझाच. वहिनी म्हणाल्या, ऊन झालंय, देवळाभोवती घाला की. पण हरिहरेश्वरला येऊन डोंगराची प्रदक्षिणा घातली नाही तर आलो कशाला? वेळही मीच काढली होती. बाबांची पाऊणकी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठ पाऊणे सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. चिरंजीवांनी मोबाइलवर ताडून पाहिलं आणि मान डोलावली, तेव्हा मला उगाचच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

अकराला निघालो. देवळामागून चढ, मग दोन कड्यांच्या फटीतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या. तिथवर मी पुढे होते. हे लिहून ठेवायला हवं, मी पुढे होते. फटीच्या तोंडाशी एकदम समुद्र दिसतो आणि त्याचा आवाज छातीवर आदळतो. दहा वर्षांची असताना इथूनच मी धावत सुटले होते आणि बाबांनी मागून अशी हाक मारली होती की अजून ऐकू येते.

खाली सगळा सपाट कातळ, उजवीकडे डोंगर, डावीकडे पाणी. कड्याच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. चिरंजीव सांगत होते, खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, ते सुकलं की मिठाचे खडे धरतात, वाढतात आणि दगड कणाकणाने सुटतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि त्याला पोखरतंय काय, तर मीठ. लहानपणी आम्हाला सांगितलेलं वेगळं होतं. इथे विष्णूचं पाऊल उमटलंय, इथलं पाणी तीर्थ आहे, इथे वाकून नमस्कार करा. मी आजही वाकले. पाऊल मला तेव्हाही नीट दिसलं नव्हतं. बोटं कुठली आणि टाच कुठली, हे दर वेळी कुणीतरी दाखवतं आणि आपण हो म्हणतो.

तिथून पुढेच ते झालं. अष्टमीची ओहोटी म्हणजे भांगाची, पाणी हातचं राखून मागे जातं. अमावास्येला उघडा पडतो तो कातळ आज अर्धा ओलाच होता. त्यावर हिरवं शेवाळ, आणि शेवाळ टाळायला जावं तर धारदार कालवं. मध्ये एक घळ. फार तर दीड हात रुंद, खाली पाणी आत-बाहेर करत होतं. मी थांबले. नुसती थांबले, बघायला. तेवढ्यात तो मागे न बघता म्हणाला, "आई, हात दे."

मागे न बघता! म्हणजे मला हात लागणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. कधीपासून? घरून निघतानाच? की गेल्या वर्षी, जिन्यावर तो माझ्या एक पायरी खाली चालायला लागला तेव्हापासून? साठीला अजून दोन वर्षं आहेत माझ्या. अजून मी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन मजले चढते. कुणाला विचारायचीही गरज वाटली नाही. हात दे. म्हातारीला रस्ता ओलांडून द्यावा तसं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी झोपेचं सोंग घेतलं. म्हसळा येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. वहिनींना वाटलं, सकाळच्या विधीमुळे असेल. वाटू दिलं. थोडं ते होतंच.

आता पानं वाढताना पाहिलं. वरणाची वाटी घ्यायला त्याने हात पुढे केला तर मनगटावर चार लालभडक चंद्रकोरी. नखांच्या. पाचवी आतल्या बाजूला असणार, अंगठ्याची. "कशाने रे?" विचारणार होते, पण तेवढ्यात कळलं. त्याने बाही खाली ओढली आणि लोणचं मागितलं.

म्हणजे तो हात धरून मला नेत नव्हता, मीच त्याला धरलं होतं, आणि ते मगरमिठीने. आता प्रामाणिकपणे आठवते आहे तर वाटतं, हात त्याने मागायच्या आधीच माझा पुढे आलेला होता. तो मागे न बघता बोलला हे खरं, पण कड्याच्या सावलीत थांबून मी किती वेळ त्याच्या पाठीकडे बघत उभी होते? आणि "सावकाश रे, सावकाश" असं कोण म्हणत होतं? दुसरं कुणी नव्हतंच तिथे.

वर मी त्याच्यावरच रुसून बसले, थेट म्हसळ्यापर्यंत. कमाल आहे.

अमावास्या पुढच्या आठवड्यात. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला, उन्हं उतरल्यावर. घळ तीच असेल, पण भोवतीचा कातळ कोरडा मिळेल. पायात चपला नकोत, रबरी तळाचे बूट हवेत. त्याला विचारायचं की नाही ते बघू. विचारलं तर तो येईल, हीच पंचाईत.

रात्री नखं कापू नयेत, आई म्हणायची. आत्ता कापली.