काकींची टाच

एक्स-रेवरच डॉक्टरांनी मार्करने बाण काढून दिला होता. बाणाच्या टोकाशी, टाचेच्या तळाला, हाडाचा छोटासा काटा. "हाड वाढलाहा म्हणतत," काकी म्हणाल्या. "इंजेक्शन घे म्हणाले. माका सुयेचा भय. तुझ्याकडे शेक घेऊन बघतंय."

पाडव्याच्या आसपासची गोष्ट. देवगड तालुक्यात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. आंब्याचा सीझन सुरू झाला की माझ्याकडे गर्दी कमी होते, कारण दुखणं काढायला कुणाला वेळच नसतो. त्या दिवसांत जो येतो तो खरंच सहन होईनासं झाल्यावर येतो, हे मला कळायला हवं होतं. काकींचं वय 49, काम बागेत.

"हाड वाढलंय" या दोन शब्दांनी माझं जितकं नुकसान केलंय तितकं कुठल्याच रोगाने केलेलं नाही. टाचेचा काटा न दुखणाऱ्या कितीतरी पायांत सापडतो, आणि टाच ठणकणाऱ्या कितीतरी पायांत सापडत नाही. तो खिळ्यासारखा आत टोचत असतो हा समज तर डॉक्टरसुद्धा खोडून काढत नाहीत. एकदा ते ऐकलं की माणूस व्यायामाला हात लावत नाही. व्यायामाने हाड थोडंच कमी होणार, असं म्हणतो, आणि त्याचंही बरोबरच असतं. त्यामुळे एक्स-रे घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी पहिली दहा मिनिटं काटा विसरायला लावते. काकींनाही लावला. त्या दिवशी मी खुशीत होते.

टाचेच्या तळाला आतल्या बाजूने अंगठा दाबला, त्या "आई गे" म्हणाल्या. पायाचा अंगठा वर वाकवून तळव्याचा पडदा, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंतची चिवट पट्टी, ताणला, थोडं दुखलं. पोटऱ्या लाकडासारख्या. पायात झिजून कागद झालेली रबरी चप्पल. सगळं पुस्तकात असतं तसं. मग नेहमीचा प्रश्न विचारला: सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना कळ येते का?

"सकाळी तसा बरा असता. सांजेक मात्र टेकूक होणा नाय."

हे मी ऐकलं. कार्डावर लिहूनही ठेवलं. आणि त्याच्याच खाली 'प्लांटार फॅशायटिस', म्हणजे तळव्याच्या पडद्याचं दुखणं, लिहून मोकळी झाले. तळव्याचा पडदा दुखत असेल तर पहिली पावलं जीव काढतात आणि चालता चालता पाय सुटत जातो. काकींचं नेमकं उलटं होतं. पण टाच घेऊन येणाऱ्यांत बहुतेक वेळा निघतं तेच, आणि माझ्या हातांना त्याची सवय झालेली. टाच दुखायला इतरही कारणं असतात. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी शीर दाबली जाते, टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, कमरेतली नस टाचेत बोलते. त्यातली शीर आणि कमर मी तपासली. टाचेचं हाड तपासलं नाही.

उपचार मात्र मन लावून केले. पायरीच्या काठावर टॉवेलची गुंडाळी ठेवायची, बोटं तिच्यावर, टाच अधांतरी. 3 सेकंदांत वर उचलायची, 2 सेकंद धरायची, 3 सेकंदांत खाली सोडायची, दिवसाआड. पट्टी चिकटवून कमानीला आधार. बाटलीत पाणी गोठवून तिच्यावरून तळवा फिरवायचा. हा व्यायाम खरंच गुणकारी आहे, फक्त त्याला महिने लागतात, आणि आमच्याकडे लोकांना हवं असतं मशीन. मशीन लावलं नाही तर 'नुसती बोलली आणि पैसे घेतले' असं वाडीभर होतं. म्हणून मी अल्ट्रासाउंडही, म्हणजे ध्वनिलहरींचा शेक, लावत होते. माझा त्यावर विश्वास नाही, तरी लावते.

तिसऱ्या खेपेला काकी म्हणाल्या, "मशीन लावला काय आत ठसठसता." मी पॉवर कमी केली. हाडाला तडा असला की अल्ट्रासाउंडखाली असं दुखू शकतं, हे मी कॉलेजात शिकले होते. ती खूण भरवशाची नाही हेही शिकले होते. पण मनात यायलाही हरकत नव्हती.

तीन आठवड्यांनी काकी चवड्यावर चालत आल्या. त्या दुपारी लाइट गेली होती. मशीन बंद, पंखा बंद, काकी घाम पुसत टेबलावर बसलेल्या. लाइट येईपर्यंत काहीतरी करायचं म्हणून मी त्यांची टाच दोन्ही तळव्यांत धरली, एक आतून, एक बाहेरून, आणि लिंबू पिळावं तशी दाबली. काकींनी पाय असा हिसडला की माझ्या हनुवटीला लागला. दुसरी टाच दाबली, काही नाही. पुन्हा पहिली, हळू. त्यांच्या डोळ्यांत पाणी. पडदा तळाला असतो, बाजूंनी दाबून तो इतका दुखत नाही. दुखतं ते हाड.

मी विचारलं, "काकी, बागेत नक्की काय करता?"

"क्रेट व्हावतंय. खालसून सड्यार. गाडी वरच उभी रवता."

"दिवसाला किती?"

"तीस-पस्तीस."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू इचारलंस खय?"

मी विचारलं होतं, "काय काम करता?" त्या म्हणाल्या होत्या, "आंब्याचा." माझ्या डोळ्यांपुढे झेला, म्हणजे जाळी लावलेली काठी, घेऊन आंबा उतरवणारा गडी आला असणार. देठासकट अलगद काढलेलं फळ, त्याची प्रतवारी, पेंढ्यात भरलेली पेटी, या सगळ्याचं कौतुक होतं. मधे तो क्रेट चुंबळीवर घेऊन जांभ्याच्या पायऱ्या चढणारी बाई कुणाच्या फोटोत येत नाही. नंतर मी एक भरलेला क्रेट काट्यावर ठेवून पाहिला: 22 किलो.

हाड रोज थोडं झिजतं आणि रोज भरून निघतं. दहा महिने हलकं काम आणि मार्चमध्ये एकदम हे ओझं, म्हणजे भरणं मागे पडतं आणि बारीक तडा जातो. त्यात काकींची 38व्या वर्षी गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढलेली. पाळी तेव्हाच थांबली, हाडं तेव्हापासून विरळ होत आलेली. हेही मी त्याच दुपारी विचारलं.

पहिला एक्स-रे दुखायला लागल्यावर आठवड्याच्या आत काढलेला. इतक्या लवकर असा तडा बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसला असता, पण त्याचा खर्च सोसायचा कुणी? पुन्हा एक्स-रे काढला, तर टाचेच्या मागच्या भागात पांढुरका पट्टा. काटा होता तिथेच, निवांत. त्याच डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, "अरे हो" म्हणाले आणि हाडांच्या तपासण्या लिहून दिल्या. बाणाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. माझ्या कार्डावर काय लिहिलं होतं ते मला ठाऊक होतं.

विश्रांती सांगणं सर्वांत अवघड गेलं. मिरगाच्या आत फळ उतरायला हवं, आणि मी सांगत होते सहा ते आठ आठवडे एकही क्रेट नाही, काठी घ्या, मऊ तळाची चप्पल घ्या, पायरीचा व्यायाम बंद. काकी हसल्या. शेवटी बागायतदाराला फोन केला. त्याने त्यांना बसून प्रतवारीचं काम दिलं आणि मजुरी कमी केली. उपकार केल्यासारखं सांगितलं मला.

जूनच्या मध्यावर टाच दोन्ही बाजूंनी दाबली तर काकी छताकडे बघत राहिल्या, दुखलं नाही. "लावणेक जाव मां?" म्हणाल्या. मी म्हटलं, यंदा चिखलात उतरू नका, तरवा काढायला पाटावर बसा. त्या लावणीलाच जाणार हे आम्हा दोघींना माहीत होतं.

तेव्हापासून त्यांच्या वाडीतून तिघीजणी आल्या. "काकीचा मोडलेला हाड तू सोधून काढलंस मगे?" असं म्हणत येतात. मी टाच दाबून बघते, डोक्यावर काय नेता ते विचारते. तीन आठवडे तडा गेलेल्या टाचेवर काकींना पायरीवर टाच वर-खाली करायला मीच लावलं होतं, ते मात्र काकींना अजून सांगितलेलं नाही.